कच्चा मध, पिकलेला मध आणि धुऱ्यावरची करडई

वावरकर | १२ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, मागे एका धाग्यावर सहज 'घरचा मध' असं लिहून गेलो आणि तेव्हापासून निरोपांचा पूर आलाय. पेट्या किती, भाव काय, एकरी किती सुटतात. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथंच लिहितो. आधीच सांगतो, मधातून मी श्रीमंत झालेलो नाही. झालं ते वेगळंच झालं.

वावर (शेत) वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. आठ एकर, त्यातलं तीन एकर ओलिताचं, बाकी सगळं वरच्या पाण्यावर. आजोबांच्या काळी या आठ एकरात काय काय निघायचं ते आजी बोटांवर मोजून सांगते, आणि दोन्ही हातांची बोटं संपतात: ज्वारी, तूर, मूग, उडीद, बरबटी, तीळ, अंबाडी, जवस, करडई, लाखोळी, भुईमूग. मी शिकून गावी परतलो तेव्हा एका हाताची बोटंही लागत नव्हती. खरिपात पऱ्हाटी (कापूस) आणि सोयाबीन, पऱ्हाटीत तुरीची तासं (ओळी), आणि ओलितात चना. बस.

दोन वर्षांपूर्वी मेलिफेरा या परदेशी जातीच्या मधमाशीच्या पाच पेट्या आणल्या. आजी म्हणाली, "माय वं, आता मोहोळ बी घरी पोसा लागते का?" बाबा काहीच बोलले नाहीत, म्हणजे त्यांना पटलं नव्हतं. पेट्या आल्या नोव्हेंबरात, तूर ऐन फुलावर. दीड महिन्यात चौदा किलो मध निघाला. पोळ्यात असताना त्याला किंचित हिरवट झाक होती, तुरीचीच. मी लगेच पन्नास पेट्यांचा हिशोब मांडला. तो कागद बायकोनं जपून ठेवलाय, अधूनमधून दाखवते.

तूर सरली आणि गंमत सुरू झाली. तीन एकर चना फुललेला आणि माश्या उपाशी! तेव्हा कृषी विज्ञान केंद्रातल्या एका साहेबांनी जे सांगितलं ते मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं: चन्याचं फूल उमलायच्या आधीच त्याचं आतल्या आत लग्न उरकलेलं असतं. त्याला माशीची गरज नाही, म्हणून माशीला बोलवायची सोयही त्यानं ठेवलेली नाही. सोयाबीनचंही परागीभवन बहुतेक तसंच, घरच्या घरी. म्हणजे आमचं हिरवंगार वावर माशीच्या डोळ्यांनी पाहिलं तर वर्षातले आठ महिने उजाड माळ.

फेब्रुवारीत शेजारच्या संत्र्याच्या अंबिया बारानं (बहरानं) तारलं, मार्च-एप्रिलात कडुनिंब आणि करंजानं. मग मे. त्यात काय होतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. एका पेटीचं मेण मऊ होऊन चौकटीतून खाली बसलं. जुलैपर्यंत दोन पेट्या मेल्या, एक वसाहत राणीसकट उडून गेली. पाचाच्या दोन.

त्या पावसाळ्यात बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. आपल्या वावरात आणि आसपास दोन किलोमीटरात कोणत्या आठवड्यात काय फुलतं. वर्षभरानं ते कॅलेंडर पाहिलं आणि आमची शेती पहिल्यांदा नीट दिसली. मोठी खिंडारं दोन: डिसेंबर अखेर ते संत्र्याचा बार, आणि मे अखेर ते ऑगस्ट.

पहिलं खिंडार बुजवायला चन्याचं एक एकर कमी करून तिथं जवस आणि सांबार (हो, पुणेकरांनो, कोथिंबीर, इथं धण्यासाठी राखलेली). चन्याच्या बाकी वावराला चारी धुऱ्यांनी (बांधांनी) करडईची चार-चार तासं. दुसऱ्यासाठी अंबाडी, तीळ, परसात दोडके-काकडीचे वेल, धुऱ्यावर शेवगा.

आज पेट्या सात आहेत. मागच्या वर्षी मध एकूण एकसष्ट किलो. प्रश्न विचारा, सवडीनं उत्तर देतो. सध्या रात्री ओलितावर जावं लागतं, लाइन रात्रीचीच आहे.

---

सांबारवडी | १२ जानेवारी, रात्री १०:१५

भाऊ, सांबाराचा उल्लेख केल्याबद्दल या आयडीतर्फे आभार. 😄

एक शंका. दुकानात हल्ली 'रॉ हनी' म्हणून दुप्पट भावात विकतात. तो आणि तुमचा एकच का?

---

हिंगणघाटकर | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

एकसष्ट किलो गुणिले पाचशे धरले तरी तीस हजार. सात पेट्या, साखर, येणं-जाणं, मेहनत वजा करा. माफ करा दादा, पण एवढ्यासाठी एक एकर चना मोडणं म्हणजे हौस झाली. चन्याला हमीभाव आहे, जवस घेऊन गेलं तर व्यापारी तोंड वाकडं करतो.

---

वावरकर | १३ जानेवारी, रात्री ८:५०

सांबारवडी, यात आपल्या भाषेचीच एक गोम आहे. 'कच्चा मध' हा शब्द मला आवडत नाही. जुने लोक कच्चा म्हणतात तो न पिकलेला मध. माशी फुलातून आणते तो पाण्यासारखा पातळ रस. पोळ्यात ती तो या कप्प्यातून त्या कप्प्यात फिरवते, पंखांनी वारा घालते, पाणी उडवते, आणि मध पिकला की कप्प्यावर मेणाचं झाकण लावते. ते झाकण म्हणजे तिची सही. चौकटीचा निदान तीन चतुर्थांश भाग झाकलेला असल्याशिवाय मी काढत नाही. घाई करून उघड्या कप्प्यांचा मध काढला तर त्यात पाणी जास्त राहतं. वीस टक्क्यांच्या वर पाणी गेलं की मध आंबायला लागतो, बाटलीचं झाकण फुगतं, फेस येतो. सरकारी मानकातही मर्यादा वीस टक्क्यांचीच आहे.

आता शहरात 'रॉ' म्हणतात त्याचा अर्थ न तापवलेला, बारीक गाळणीतून दाबून न काढलेला. म्हणजे मध हवा पिकलेला, पण शिजवलेला नको. मी यंत्रात फिरवून काढतो, मलमलीतून गाळतो, दोन दिवस पिंपात स्थिर ठेवतो, वर आलेला फेस आणि मेणाचा चुरा काढून बाटल्या भरतो. आच कुठेच नाही.

हिंगणघाटकर, तुमचा हिशोब बरोबर आहे. मीही तोच करत होतो. फक्त त्यात करडई धरा. चन्यात रानडुकरं आणि रोही (नीलगाय) किती खातात ते तुम्हालाही माहीत आहे. करडईचे काटे दाट झाले की डुक्कर आत घुसायला कचरतं. पूर्ण थांबत नाही, खोटं कशाला सांगू. पण मागच्या वर्षी चन्याची जागल (रात्रीची राखण) निम्म्या रात्रींवर आली. आजोबा धुऱ्याला करडई कायले पेरत होते ते मला माशीमुळे कळलं. वर घरचं तेल. जवसाचं म्हणाल तर व्यापाऱ्याकडे नेतच नाही, चटणी करून विकतो.

---

मेळघाटी | १३ जानेवारी, रात्री ११:२०

चिखलदऱ्याकडून लिहितोय. मेलिफेरा ही परदेशी माशी, तिला सपाटीवर भरपूर फुलोरा लागतो. आमच्याकडे डोंगरात सातेरी आहे, आपली देशी. मध कमी देते, पेटीला वर्षाचा पाच-सात किलो आला तरी खूश. पण काटक. दोष एकच, रागीट नाही पण रुसकी. पेटीत मुंग्या शिरल्या, मेणकिडा लागला, फुलं संपली की पोळं सोडून सरळ चालती होते. सकाळी पेटी उघडून बघावं तर रिकामी.

फुलोरी माशीचं छोटं पोळं बाभळीच्या काटक्यात असतं तेही सोडून द्या लोकहो, पोरं दगड मारून पाडतात. तिचा मध वाटीभर निघतो, त्यासाठी अख्खी वसाहत जाते.

---

वैनगंगा | १४ जानेवारी, दुपारी १:३०

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा! तिळाचा विषय निघालाच आहे तर, भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत धान कापायच्या आधी ओलीत लाखोळी आणि जवस फेकायची पद्धत आहे, उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, पाणी नाही. जवसाची निळी फुलं डिसेंबर-जानेवारीत बांधीभर. धानवाल्यांनी ते बंद करू नये.

आणि आग्या मोहोळाबद्दल कोणी लिहिलंच नाही. माझी काही वर्षं नोकरीनिमित्त गडचिरोलीत गेली. तिथं पूर्वी रात्री मशाल लावून मोहोळ जाळायचे, माश्या भाजून पडायच्या आणि मध अळ्यांसकट पिळून काढायचे. असा पिळलेला मध लवकर आंबतो, कारण त्यात अळ्यांचा रस आणि परागकण. वर्ध्याच्या दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, त्यांनी न जाळता मध काढायला शिकवलं. अंगात जाळीचा पोशाख घालायचा आणि फक्त मधाचा भाग कापायचा. आग्या माशी मध फांदीला लागून वरच्या कोपऱ्यात साठवते, पिल्लं खाली. वरचा गड्डा तेवढा कापला तर माश्या तिथंच राहतात, पुन्हा बांधतात, आणि त्याच मोहोळाचा मध त्याच हंगामात परत मिळतो. मी पाहिलंय म्हणून सांगते.

---

सांबारवडी | १४ जानेवारी, दुपारी ४:००

ताई, माहिती भारी. आता मला सांगा, मध अस्सल आहे की नाही ते ओळखायचं कसं? आमच्या आईची पद्धत: पाण्यात थेंब टाकायचा, तळाशी बसला तर खरा. शेजारचे काका काडी बुडवून पेटवतात. एक मावशी म्हणते कुत्रा खात नाही.

---

वावरकर | १४ जानेवारी, रात्री ९:१०

कुत्र्याला विचारून पाहिलं नाही. 😀

घट्ट साखरेचा पाकही तळाशीच बसतो आणि पाकात बुडवलेली काडीही पेटते. या चाचण्यांनी फार तर मधात पाणी जास्त आहे का एवढं कळेल. आणि आता भेसळ करणारे तांदळापासून वगैरे बनवलेले असे पाक वापरतात की साध्या प्रयोगशाळेतही पकडले जात नाहीत. २०२० मध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या संस्थेनं बाजारातले नमुने तपासले तेव्हा भारतातल्या चाचण्यांत पास झालेले बरेचसे नमुने जर्मनीतल्या एनएमआर या जास्त बारकाईच्या चाचणीत नापास झाले होते. ओळखीच्या माणसाकडून घ्या, जमलं तर त्याच्या पेट्या जाऊन बघा. यापलीकडे घरगुती उपाय माझ्याकडे नाही.

उलट एक गोष्ट लोक चुकीची धरतात. थंडीत माझा मध बाटलीत गोठतो, दाणेदार होतो. मागच्या डिसेंबरात नागपूरच्या एका गिऱ्हाइकानं फोन करून सुनावलं, "तुम्ही साखर टाकता." मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. ज्या फुलाच्या रसात ग्लुकोजचा वाटा जास्त, त्याचा मध लवकर बसतो, मोहरीचा तर फारच लवकर. चौदा-पंधरा अंश तापमान त्याला सगळ्यात मानवतं आणि आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री तेच असतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, हाताला सोसेल इतकंच, पुन्हा पातळ होतो. गॅसवर ठेवू नका, मग न तापवलेला मध घेतला कशाला? त्या बाईंना हे सांगितलं. पटलं नाही. पैसे परत केले.

---

पाळणा | १५ जानेवारी, सकाळी १०:४५

मी बालरोगतज्ज्ञ आहे, यवतमाळ जिल्ह्यात काम करते. धागा छान चाललाय पण एक गोष्ट ठळक लिहिते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. कच्चा नाही, पिकलेला नाही, घरचा नाही, कसलाच नाही. आपल्याकडे बाळ जन्मलं की सोन्याच्या अंगठीनं मध चाटवतात. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्या बाळाच्या वाढू शकतात आणि त्या विषानं बाळ लुळं पडतं, श्वासही थांबू शकतो. मध शुद्ध असण्या-नसण्याशी याचा संबंध नाही. वावरकर, बाटलीवर हे लिहिता का?

---

वावरकर | १५ जानेवारी, रात्री १०:०५

डॉक्टरताई, लिहीत नव्हतो. लेबल उद्याच बदलतो. आणि कबूल करतो, आमच्या पोरीला आजीनं चाटवला होता. तेव्हा पेट्या नव्हत्या, दुकानातला होता.

---

कोरडवाहू | १५ जानेवारी, रात्री १०:३०

गोड गोड चाललंय म्हणून कडू बोलतो. मी पण पेट्या ठेवल्या होत्या, यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा भागात. दहा. एका पुरवठादारानं आणून दिल्या, प्रशिक्षण म्हणून दोन तास भाषण, चहा, फोटो. अर्ध्या पेट्यांत राणीच नव्हती, हे मला महिन्यानं कळलं. फोन लावला तर उचलेना. ज्या उरल्या त्या सप्टेंबरात एका सकाळी संपल्या. शेजाऱ्यानं पऱ्हाटीवर सकाळी नऊ वाजता फवारलं. दुपारी पेट्यांपुढे माश्यांचा ढीग, थरथरत, जीभ बाहेर. झाडून टोपल्यात भरल्या. शेजाऱ्याला काय बोलणार? त्याला तरी दुसरं काय माहीत? २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं मेली, तिथं माशीचं कोण ऐकणार.

वावरकर, तुमचं फुलांचं कॅलेंडर ठीक आहे. फवारणीचं कॅलेंडर कुठं आहे?

---

वावरकर | १६ जानेवारी, पहाटे ५:२०

ओलितावरून आलो, झोप येत नाही. तुमचं वाचून बसलो होतो.

कोरडवाहू, फवारणीचं कॅलेंडर त्याच भिंतीवर आहे. लाल पेनानं. मी वर लिहिलं नाही कारण ते लिहायला बरं वाटत नाही. पाचातली एक पेटी उन्हानं मेली आणि दुसरी तुम्ही सांगता तशीच. फरक एवढाच की फवारणारे आमचे काकाच होते.

अडचण अशी की तूर फुलावर येते तेव्हाच शेंगा पोखरणारी अळी येते. ज्या आठवड्यात माशीला तूर हवी त्याच आठवड्यात कास्तकाराला फवारा हवा. काकांशी दोन महिने बोलणं बंद होतं. मग बाबाच गेले त्यांच्याकडे, दोन बाटल्या मध घेऊन. बाबांनी मधासाठी उघडपणे काही केलं ते हे पहिलं. तेव्हापासून असं ठरलं: काका फवारायच्या आदल्या दिवशी निरोप देतात, फवारणी दिवस मावळताना करतात. तोवर माश्या पेटीत परतलेल्या असतात. मी रात्री दारं जाळीनं बंद करतो, पेट्यांवर ओला पोता टाकतो, दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत उघडतो. जास्त वेळ कोंडल्या तर गुदमरून मरतात, तेही एकदा करून पाहिलंय.

माझ्या वावरात तुरीला आधी पाच टक्के निंबोळी अर्क, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), आणि पक्ष्यांना बसायला तुराट्यांचे मचाण. यानं अळी संपत नाही, पण नुसत्या डोळ्यांनी मोजता येईल एवढी राहते. मागच्या वर्षी एक रासायनिक फवारणी करावीच लागली. नुसत्या अर्कावर तूर काढली असं सांगणारा भेटला की मी त्याच्या वावरात जाऊन येतो.

बाकी चार शेजाऱ्यांपैकी दोघं ऐकतात. दोघं नाही. त्यांच्या बाजूला पेट्या ठेवत नाही, एवढंच हातात आहे, पण माशी दोन-तीन किलोमीटर जाते, तिला सातबारा कळत नाही.

---

हिंगणघाटकर | १६ जानेवारी, सकाळी ८:१५

बाबांचा किस्सा वाचून परवाचा 'हौस' हा शब्द मागे घेतो. हिशोब मात्र मागे घेत नाही. 🙂

माझ्या भावाचा बुलढाण्याकडे कांद्याच्या बीजोत्पादनाचा प्लॉट असतो. तो म्हणतो की गोंडे फुलले की माशी नसेल तर बीच भरत नाही. तिथं पेट्या ठेवायला लोक उलट पैसे देतील की!

---

वावरकर | १६ जानेवारी, रात्री ९:३०

देतात. कांद्याचं बी, सूर्यफूल, भोपळावर्गी वेल, यांचं माशीशिवाय चालत नाही. खरा पैसा तिथंच आहे असं माझंही मत झालंय. पेट्या रात्री हलवायच्या, सगळ्या माश्या आत आल्यावर. आणि हलवायच्या तर चांगल्या लांब, दोन-तीनशे फूट सरकवली तर माश्या जुन्या जागी परत जाऊन घिरट्या घालत बसतात. मी अजून केलेलं नाही. भावाला विचाराल का, कांद्यावर त्यांची फवारणी कधी असते?

---

मेळघाटी | १६ जानेवारी, रात्री ११:००

एक राहिलं. फुलं नसताना साखरेचा पाक देता ना? मग तो मध कसा?

---

वावरकर | १७ जानेवारी, सकाळी ६:४५

देतो. जून ते ऑगस्ट, एक किलो साखर एक लिटर पाणी, पेटीत आतल्या बाजूला. त्या काळात मध काढत नाही. पेटीचा वरचा मजला, ज्यात मध साठतो, तो काढूनच ठेवतो, तो पुन्हा चढतो तूर फुलायला लागली की. पाक देत असताना वरचा मजला ठेवणारा माणूस गिऱ्हाइकाला साखर विकतो आणि त्याला माहीत असतं. अंबाडी-तीळ-वेलांमुळे गेल्या पावसाळ्यात साखर आदल्या वर्षीच्या निम्म्यावर आली. यंदा शून्य होईल असं वाटत नाही.

---

हिंगणघाटकर | १७ जानेवारी, दुपारी १२:१०

भावाशी बोललो. फुलकिड्यासाठी आठवड्याला एक फवारा मारतात, सकाळी. म्हटलं संध्याकाळी मारा. म्हणतो मजूर संध्याकाळी मिळत नाही.

---

वावरकर | १७ जानेवारी, रात्री ९:००

मजुराचं खरंच आहे, आमच्याकडेही तीच बोंब. फुलं पूर्ण उमलण्याआधी एक आणि बी भरल्यावर एक, मधले तीन आठवडे काही नाही, असं जमेल का विचारा. जमणार असेल तर तीन पेट्या घेऊन येतो, पहिल्या वर्षी भाडं नको. फक्त नाही जमलं तर आधी सांगा म्हणावं.

---

सांबारवडी | १७ जानेवारी, रात्री ९:२५

आणि मला दोन किलो. दाणेदार झाला तरी चालेल.

---

वावरकर | १७ जानेवारी, रात्री ९:५०

तुरीचा संपला. करडई आता कुठे बोंडावर येतेय, संत्र्याचा बार पुढच्या महिन्यात. मार्चमध्ये आठवण करा. येताना बाटली घेऊन या, काचेची.